कोरी बाटली

बाकावर सहा बाटल्या ओळीने उभ्या असतात. प्रत्येकीत 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात लिटरला 100 मायक्रोग्रॅम या हिशेबाने विरघळवलेलं युरेनियम. पाच बाटल्यांत भाताचं तूस घातलेलं, चढत्या मापाने. सहावीत काहीच नाही. रात्रभर सहाही बाटल्या शेकरवर एका लयीत डुलत राहतात. सकाळी पाणी गाळून मोजायला घेतलं की पाच बाटल्यांचे आकडे खाली आलेले दिसतात आणि मन हरखून जातं. जे तूस वाऱ्यावर उडून जातं, त्याने काम केलं! मग सहाव्या बाटलीचा आकडा येतो. 70. तिच्यात तुसाचा एक कणही नव्हता, तरी लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम नाहीसे. आकडे दर खेपेला थोडे वेगळे येतात, पण चित्र हेच.

गेलं कुठे ते?

एवढासा प्रश्न, पण तो डोक्यातून जात नाही. स्वस्त नैसर्गिक वस्तू वापरून पाण्यातले किरणोत्सारी धातू काढण्याबद्दल ढिगाने लिहिलं गेलं आहे. तूस, काथ्याचा भुसा, समुद्री शेवाळ, कोळंबीची टरफलं, बुरशी, चिकणमाती, हाडांचा कोळसा, ज्वालामुखीच्या राखेपासून घडलेलं झिओलाइट हे सच्छिद्र खनिज. बहुतेक ठिकाणी शेवटी एक टक्केवारी भेटते, 95, 98, कधी 99 सुद्धा, आणि वाचता वाचता डोळ्यांपुढे एखादी विहीर उभी राहते, तिच्या काठावर तुसाने भरलेला एक डबा आणि डब्यातून गळणारं निर्मळ पाणी. या चित्राची मला मनापासून ओढ वाटते. ज्यांच्याकडे महागडी यंत्रं नाहीत त्यांच्या हाताला लागेल असा उपाय असावा, यात चूक काही नाही. पण त्या 99 मधले किती तुसाचे आणि किती बाटलीचे, हे विचारल्याशिवाय तो डबा कुणाच्या विहिरीवर ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

शोषण आणि अधिशोषण हे दोन शब्द आपण बोलताना सहज मिसळतो. स्पंज पाणी पितो ते शोषण. इथे जे घडतं ते अधिशोषण, म्हणजे वरच्या पृष्ठभागाला चिकटून बसणं. तुसाचा एक तुकडा भिंगाखाली धरून पाहावा. होडीसारखा आकार, बाहेरच्या अंगाला ओळीने बारीक उंचवटे, सोनेरी, खरखरीत. बोटाला टोचते ती त्यातली सिलिका. आतली बाजू गुळगुळीत, फिकी. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्या या विणीत जागोजागी ऑक्सिजनची टोकं उघडी असतात, त्यांत कार्बॉक्सिल गट महत्त्वाचे. आम्लाच्या बाजूच्या पाण्यात युरेनियम एकटं फिरत नाही. दोन ऑक्सिजन सोबत घेऊन, दोन धन प्रभार असलेला युरॅनिल आयन होऊन फिरतं. त्या उघड्या टोकांना तो अलगद धरला जातो. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा कमी तितकं आम्ल जास्त), 3 च्या खाली गेला की हायड्रोजनचे आयन त्याच जागांवर गर्दी करतात आणि युरॅनिलला जागा उरत नाही. 4 ते 6 च्या दरम्यान तूस सर्वांत चांगलं काम करतं. प्रयोगांतल्या देखण्या टक्केवाऱ्या बहुधा याच पट्ट्यातल्या असतात.

तूस आहे तसं टाकलं तर मात्र पहिल्याच तासात फजिती होते. पाणी फिक्या चहासारखं तांबूस होतं, वर फेस येतो आणि दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटासारखा वास सुटतो. म्हणून आधी ते दळून अर्धा ते एक मिलिमीटरच्या चाळण्यांमधला भाग घ्यायचा. त्याहून बारीक पीठ गाळणकागद तुंबवतं, जाड तुकड्यांत पृष्ठभाग वाया जातो. मग धूळ जाईपर्यंत पाण्याने धुवायचं, आणि सौम्य, 0.1 नॉर्मल, हायड्रोक्लोरिक आम्लात तासदोन तास ढवळायचं. आम्लामुळे रंग निघतो आणि टोकांवर आधीच ठाण मांडून बसलेले कॅल्शियम, पोटॅशियमही सुटतात. त्यानंतर धुणं, धुणं आणि धुणं, निथळणाऱ्या पाण्याचा पीएच धुण्याच्या पाण्याइतका येईपर्यंत. इथे घाई केली तर उरलेलं आम्ल नंतर बाटलीतला पीएच खाली ओढतं आणि तुसाला उगाच बोल लागतो. शेवटी 60 अंशांवर रात्रभर वाळवायचं. रंग पूर्ण जात नाहीच, पण बराच कमी होतो.

त्या रंगात एक सापळा आहे, आणि तो मला सगळ्यांत त्रासदायक वाटतो. पाण्यातलं थोडंसं युरेनियम मोजायला फ्लोरिमीटर वापरतात. प्रकाशाचा झोत पडला की युरॅनिल हिरवं चमकतं, ती चमक मोजायची. तुसातून सुटलेले तांबूस सेंद्रिय पदार्थ ही चमक विझवतात. युरेनियम पाण्यात तसंच असतं, उपकरणाला मात्र ते दिसत नाही. आकडा खाली येतो आणि पाणी स्वच्छ झाल्याचा भास होतो. लोह, मँगनीज आणि क्लोराइडही हेच करतात. उपाय साधा आहे. गाळलेल्या त्याच पाण्यात माहीत असलेलं थोडं युरेनियम वरून घालायचं आणि वाढ पुरेपूर दिसते का ते पाहायचं. 10 घातले आणि 6 च दिसले, तर चमक विझते आहे, पाणी पातळ करून पुन्हा मोजा. दहा मिनिटांचं काम. ज्या निकालामागे ही दहा मिनिटं नाहीत, त्यावर माझा विश्वास बसत नाही.

आता विहिरीकडे. जमिनीखालचं पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी नव्हे. खडकांमधून मुरताना त्यात बायकार्बोनेट आणि कॅल्शियम आलेलं असतं, पीएच साधारण 7 ते 8 असतो. अशा पाण्यात युरॅनिल कार्बोनेटला मिठी मारतं आणि त्याचा धन प्रभार ऋण होतो, कॅल्शियमही जोडीला आलं तर प्रभार पार नाहीसा होतो. तुसाच्या टोकांना पकडायला काही उरतच नाही. बायकार्बोनेटनेच तर खडकातलं युरेनियम सोडवून पाण्यात आणलं होतं. जे त्याने खडकाकडून काढून घेतलं, ते तुसाला सहजी कसं मिळेल? प्रयोगशाळेत 98 टक्के देणारं तूस खऱ्या विहिरीच्या पाण्यात बसकण मारतं ते यामुळे. वर प्रयोगातलं युरेनियम अनेकदा लिटरला 50 ते 100 मिलिग्रॅम असतं आणि विहिरीतलं काही दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार पटींचा फरक. एवढ्या दाट द्रावणात पीएच 6 च्या आसपास युरेनियम स्वतःहूनच साका होऊन खाली बसू लागतं, आणि तो साका गाळणकागदावर अडकला की श्रेय तुसाला जातं.

पाण्याला थोडं आम्ल देऊन पीएच 5 वर आणला, हवा खेळवून कार्बन डायऑक्साइड उडवून लावला, तर तूस पुन्हा काम करतं. पण मग ते आंबट पाणी परत पिण्यालायक करायचं, त्यात चुना घालायचा, रोज मोजायचं. हे घरगुती काम राहत नाही. म्हणून बायकार्बोनेटवाल्या पाण्यासाठी ऋण आयन पकडणारं रेझिन (बारीक कृत्रिम मणी) किंवा आरओ हेच आज भरवशाचं आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. वाईट वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे, आणि युरेनियमचा पहिला घाव किरणांआधी मूत्रपिंडावर, तोही रसायन म्हणून बसतो. तिथे आशेवर भागत नाही. पाणी उकळणं तर उलटंच. वाफ निघून जाते, युरेनियम भांड्यातच राहतं. अर्धं पाणी आटलं की त्याचं प्रमाण दुप्पट.

सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी धातूची गोष्ट निराळी आहे. त्याला ऑक्सिजनची टोकं मोहवत नाहीत. एकच धन प्रभार, भलं मोठं अंग, आणि भोवती पाण्याच्या रेणूंचं कवच सैल. ते कवच सहज टाकून तो बरोबर मापाच्या खोबणीत जाऊन बसतो. इलाइट मातीच्या पापुद्र्यांच्या विस्कटलेल्या कडा, क्लिनॉप्टिलोलाइट या झिओलाइटमधले बोगदे, या त्याच्या जागा. क्लिनॉप्टिलोलाइट आधी सीझियम उचलतं, मग पोटॅशियम, अमोनियम, त्यानंतर स्ट्राँशियम, सोडियम, कॅल्शियम, आणि मॅग्नेशियम जवळजवळ शेवटी. ही निवड किती कठीण आहे ते एका हिशेबात दिसतं. एका लिटरमध्ये 1000 बेकेरेल, म्हणजे सेकंदाला हजार अणू फुटतील इतकं, सीझियम-137 आहे असं समजा. वजन सुमारे 0.3 नॅनोग्रॅम. त्याच लिटरमध्ये 5 मिलिग्रॅम पोटॅशियम असेल, तर सीझियमच्या एका अणूमागे पोटॅशियमचे साधारण साडेपाच कोटी. जत्रेतलं हरवलेलं पोर शोधणंही याहून सोपं. तरीही हे खनिज ते पोर शोधतं, मोठ्या प्रमाणावर शोधतं.

इंग्लंडमधल्या सेलाफिल्ड अणुकेंद्रात 1985 पासून हे चालू आहे. इंधन साठवणीच्या तलावांतलं पाणी आधी वाळूच्या गाळण्यांतून जातं, मग कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचा चढा पीएच 8 च्या आसपास उतरवतात, आणि त्यानंतरच ते क्लिनॉप्टिलोलाइटच्या थरातून सोडतात. हा क्रम पाहिला की मला समाधान वाटतं. खनिज जमिनीतून खणलेलं, साधं. हुशारी सगळी त्याच्या आधीच्या दोन पायऱ्यांत. अमेरिकेत वेस्ट व्हॅली इथे 2010 मध्ये जमिनीत चर खणून झिओलाइटची 250 मीटरहून लांब भिंत घातली. भूजल तिच्यातून आपोआप वाहतं, स्ट्राँशियम-90 हा किरणोत्सारी धातू मागे राहतो. पंप नाही, वीज नाही. स्ट्राँशियम मात्र कॅल्शियमचं भावंड, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम जितकं जास्त तितकं झिओलाइट लवकर भरतं.

लहान कॉलम, म्हणजे दाण्यांनी भरलेली उभी नळी, भरायचा तर आधी झिओलाइट चाळून 0.4 ते 0.8 मिलिमीटरचे दाणे घ्यावेत. धुताना पहिलं पाणी दुधासारखं निघतं. ते नितळ होईपर्यंत सोडू नये, नाहीतर ती धूळ तळाच्या जाळीवर बसून प्रवाह अडवते. मग मिठाच्या पाण्यात, 1 मोलर, एक दिवस ठेवलं की बोगद्यांत सोडियम भरतं, आणि सोडियमला हुसकावणं सीझियमला सोपं जातं. 25 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे जवळजवळ 150 मिलिलिटर. मिनिटाला 25 मिलिलिटर पाणी सोडलं तर रिकाम्या नळीच्या हिशेबाने सहा मिनिटं, दाण्यांमधल्या फटींत प्रत्यक्षात त्याहून कमी. कॉलम भरताना नळीत आधी पाणी, मग दाणे, चमच्याचमच्याने, नळीला हलकेच टिचक्या देत. कोरडे दाणे ओतून वरून पाणी सोडलं की हवेचे बुडबुडे अडकतात, पाणी एकाच वाटेने पळतं आणि निम्मा थर तसाच कोरा राहतो. काचेतून ती वाट दिसते सुद्धा, धुरकट रेषेसारखी. एकदा भरल्यावर थर कधी उघडा पडू द्यायचा नाही, म्हणून बाहेर जाणारी नळी वळवून थराच्या माथ्याहून उंच ठेवायची. सरावासाठी किरणोत्सारी सीझियम मुळीच लागत नाही. साधं सीझियम क्लोराइड घ्यावं, रसायन तेच असतं.

कॉलम का, बाटलीत ढवळणं का नाही? समजा एका लिटरमध्ये एक ग्रॅम पदार्थ टाकला आणि निम्मा धातू निघाला. तोच ग्रॅम दोन भागांत, आधी अर्धा आणि तो काढून दुसरा अर्धा, असा वापरला तर मागे 50 ऐवजी 44 टक्के उरतो. कॉलम म्हणजे अशा शेकडो छोट्या पायऱ्या एकावर एक.

बाकीच्या वस्तूंचे स्वभाव निरनिराळे. समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटची युरेनियमवरची पकड जबरदस्त, पण सोडियमच्या पाण्यात ते विरघळून चिकट होतं आणि कॉलमची खीर करून टाकतं. आधी कॅल्शियम क्लोराइडमध्ये मुरवलं तर अंग धरून राहतं. कोळंबीच्या टरफलांपासूनचं कायटोसान आम्लात विरघळतं, त्याला ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने बांधून घ्यावं लागतं. बेंटोनाइट फुगतं. कोरडं असताना मुठीत मावणारी माती ओली झाली की नळी गच्च बंद करते, आणि तिचे सूक्ष्म कण 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतूनही सीझियम पाठीवर घेऊन निसटतात. तिथे पाणी नितळ दिसतं आणि धातू मात्र गेलेला नसतो. हाडांच्या कोळशातलं फॉस्फेट युरेनियम आणि स्ट्राँशियम दोन्हींना रोखतं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात फ्राय कॅनियन इथे हाडांच्या कोळशाची भिंत जमिनीत घालून पाहिली होती, शेजारी लोखंडाच्या कणांची. लोखंडाची भिंत सरस ठरली.

आणि मग ती वेळ येते जिच्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं जातं. वस्तू भरली. आता तिचं काय करायचं?

पाण्यात लिटरला 60 मायक्रोग्रॅम युरेनियम असताना 1000 लिटर पाणी 100 ग्रॅम तुसातून गेलं आणि सगळं युरेनियम अडकलं, असं धरू. 60 मिलिग्रॅम युरेनियम, 100 ग्रॅमात. 0.06 टक्के. एवढ्या प्रतीचं युरेनियमचं खनिज जगात खणून काढलं जातं. म्हणजे विहिरीच्या काठावरच्या त्या डब्यात आपण मूठभर खाण तयार केली. ते तूस उकिरड्यावर गेलं तर कुजेल आणि पावसासोबत युरेनियम परत खाली मुरेल, बहुधा त्याच विहिरीत. चुलीत गेलं तर राख उरेल, आणि तुसाची राख त्याच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे युरेनियम पाचपट दाट, शिवाय हवेत उडणारं. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन ते तुसावरून काढता येतं, जे विहिरीत आड येत होतं तेच इथे कामाला येतं, पण मग युरेनियमने भरलेलं थोडंसं पाणी हातात उरतं. सीझियम-137 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 30 वर्षं, 300 वर्षं बंदोबस्तात ठेवलं की हजारावा हिस्सा. युरेनियम-238 चं साडेचार अब्ज वर्षं, तिथे वाट पाहणं हा उपायच नाही. सिमेंटमध्ये बांधून, खूण करून, कुणीतरी जबाबदारीने ठेवणं एवढंच.

जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रात 2011 च्या अपघातानंतर दूषित पाणी साठवलेल्या दोन इमारतींच्या तळघरांत झिओलाइटच्या गोण्या टाकल्या होत्या. घाई होती, संकट मोठं होतं, आणि झिओलाइटने त्याचं काम चोख केलं. सीझियम गोण्यांत आलं. काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा त्या पाण्याखालच्या गोण्यांच्या पृष्ठभागाशी ताशी काही सिव्हर्ट इतकी किरणांची मात्रा होती, तासभर तिथे थांबलं तर माणूस दगावू शकेल इतकी. मग त्या काढायला रोबो हवे, किरणांना आडोसा म्हणून पाणी तसंच ठेवायला हवं. गोण्या टाकणाऱ्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. पण गोणी टाकताना तिला बाहेर ओढायचा दोर कुठे बांधायचा, हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा असतो, हे त्या तळघराने दाखवलं. भरलेलं ओलं झिओलाइट नुसतं झाकण लावून ठेवणंही धोक्याचं, कारण किरणांमुळे आतल्या पाण्याचे रेणू तुटून हायड्रोजन साठतो. झाकणाला वायू जायला वाट लागते.

म्हणून स्वस्त वस्तूची किंमत विचारताना मी तुसाचा भाव धरत नाही. चाळणी, धुण्याचं पाणी, आम्ल, रोजची मोजणी, भरलेल्या मालाचं पिंप, ते ठेवायची खोली, आणि त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे राहील तो माणूस, हे सगळं धरून मग बोलावं. एवढं धरूनही काही ठिकाणी नैसर्गिक वस्तूच जिंकतात. सेलाफिल्डला जिंकल्या, वेस्ट व्हॅलीला जिंकल्या. खाणींच्या आम्लधर्मी सांडपाण्यात, जिथे बायकार्बोनेट टिकत नाही, तिथे शेवाळ आणि बुरशी यांना खरोखर वाव आहे, आणि तिथे माल सांभाळणारी माणसंही आधीपासून असतात.

सहावी बाटली अजून बाकावर आहे. तिच्यातलं पाणी ओतून टाकलेलं, आत बघितलं तर स्वच्छ काच. लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 100 मिलिलिटरमधून 3 मायक्रोग्रॅम बेपत्ता आहेत. तिच्यात 10 मिलिलिटर सौम्य नायट्रिक आम्ल घालायचं, झाकण लावायचं, आणि तासभर हळूहळू फिरवत राहायचं, आम्ल खांद्यापर्यंत, झाकणाच्या आतल्या कडेपर्यंत पोचेल असं. तिचा गाळणकागदही वेगळ्या आम्लात भिजत ठेवायचा. काचही सिलिकाच, तिलाही उघडी टोकं असतात. मोजलं की काचेवरून 2.2 मायक्रोग्रॅम येतात, कागदावरून 0.6. उरलेले 0.2 पिपेटच्या टोकात आणि मोजणीच्या चुकीत. वहीत तीन ओळी लिहायच्या, बाटली, कागद, बाकी. मग पाचही बाटल्यांना तेच आम्ल, तोच तास, आणि तुसाच्या नावावर किती राहतात ते पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.